चौक्याच्या घाटात साधं पेट्रोल

आमच्या घरात 'साधं' हा शब्द आईच्या मालकीचा आहे. हॉटेलात गेलं की मेनूकार्ड उघडायच्या आधीच ती साधा डोसा सांगते. औरंगपुऱ्यातला साडीवाला गादीवर साड्यांचा ढीग उलगडून घामाघूम होतो आणि मग ही शांतपणे विचारते, "यातच पण साधं काही नाही का?" फोन साधा, चप्पल साधी, चहासुद्धा साधा, म्हणजे आल्याशिवायचा. तिचं माहेर शहरातल्या कारकुनांचं. तिकडे साधं म्हणजे चांगलं आणि भारी म्हणजे कशावर तरी पांघरूण घातलेलं, अशी सरळ समजूत. बाबा सिल्लोडकडच्या शेतकरी घरातले. त्यांना आयुष्यात एकही साधी गोष्ट आवडली नाही, आई सोडून, असं मी म्हणते आणि मग दोघंही माझ्यावर चिडतात.

बाबा वाळूजच्या एका कारखान्यात इंजिनं तपासायच्या विभागात होते. नवं इंजिन लोखंडी चौथऱ्यावर बांधायचं, तासन्‌तास पळवायचं आणि त्याचं काय दुखतंय ते शोधायचं, हे त्यांचं काम. मीटर होते, तक्ते होते, पण बाबांचं नाव झालं ते कानामुळे. मोठ्या स्क्रूड्रायव्हरचं टोक ते इंजिनाला टेकवायचे, लाकडी मूठ कानाला लावायचे आणि डोळे मिटून उभे राहायचे. मग म्हणायचे, "तीन नंबर." इंजिन खोललं की तीन नंबरच्या सिलिंडरमध्येच खोट निघायची. कानावर लावायला मिळालेली जाड टोपणं त्यांच्या गळ्यात लोंबत असायची. कान झाकून इंजिन काय ऐकणार, असं त्यांचं म्हणणं होतं.

घरीही तेच. मिक्सर, पंखा, शेजाऱ्यांची पाण्याची मोटर, सगळ्यांची नाडी बाबा बसल्या जागेवरून बघायचे. मी स्कूटीवरून गल्लीच्या तोंडाशी आले की ओट्यावरून हाक यायची, "मागचा ब्रेक घासतोय गं!" मला त्याचा भयंकर राग यायचा. कॉलेजात शिकवून, चाळीस पोरांशी डोकं लावून घरी यावं आणि पहिलं वाक्य ब्रेकबद्दल ऐकावं! पण ब्रेक खरंच घासत असायचा, त्यामुळे भांडताही येत नसे.

निवृत्त झाल्यावर लोक देवदर्शनाला जातात. बाबा लष्कराच्या लिलावातून निघालेला एक जुना एकटनी ट्रक घेऊन आले. हिरवा, चौकोनी चेहऱ्याचा, आणि ट्रक असून पेट्रोलवर चालणारा. तो किती किलोमीटर देतो हा प्रश्न आमच्याकडे विचारायचा नसतो. दोन वर्षं त्यांनी तो अंगणात खोलला आणि जोडला. त्यानंतर एवढ्यावर समाधान मानतील तर ते बाबा कसले! पुण्याच्या जुन्या सामानाच्या बाजारातून त्यांनी कुठल्याशा परदेशी गाडीचा सुपरचार्जर पैदा केला आणि आमच्या ट्रकच्या इंजिनावर चढवला. कागदपत्रांसाठी किती फेऱ्या मारल्या ते सांगत बसत नाही, नाहीतर माझं डोकं पुन्हा तापेल.

सुपरचार्जर म्हणजे इंजिनाच्याच पट्ट्यावर फिरणारा एक पंप. तो सिलिंडरमध्ये हवा कोंबतो. जास्त हवा, जास्त पेट्रोल, जास्त ताकद. पण इतकं दाबलं जाणं साध्या पेट्रोलला सोसत नाही. ते ठिणगीच्या आगीची वाट न बघता कोपऱ्यात आपल्या मनानंच भडकतं आणि पिस्टनच्या डोक्यावर हातोडा बसतो. पेट्रोल किती सोसतं त्याचा आकडा म्हणजे ऑक्टेन. साध्याचा एक्क्याण्णव, भारीचा पंच्याण्णव. हे सगळं बाबांनी जेवताना वाटी-चमचा घेऊन समजावलं, तेव्हा आई म्हणाली, "हा आकडा माणसांचाही काढायला पाहिजे," आणि तिनं माझ्याकडे बघितलं.

साधं पेट्रोल असं भडकलं की इंजिनातून बारीक, कोरडा तडतडाट येतो. बाबा त्याला 'फुटाणे' म्हणायचे, कारण भट्टीतल्या हरभऱ्यांचा आवाज तसाच असतो. फुटाणे फार वेळ चालू दिले तर पिस्टनला भोक पडतं, आणि या इंजिनाचा पिस्टन आता देशात कुठे मिळतो ते बाबांनाही ठाऊक नव्हतं. म्हणून टाकीच्या झाकणावर त्यांनी लाल रंगात लिहून ठेवलं होतं, 'साधं नको'.

"हे मला उद्देशून आहे," आई म्हणाली.

त्या हिवाळ्यात आम्ही अंगण नवं केलं. जुन्या शहाबादी फरश्या निघाल्या, त्या सिल्लोडला आत्याच्या गोठ्यात घालायच्या ठरल्या. आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. सकाळी फरश्या ट्रकमध्ये रचल्या, दोर बांधला आणि आम्ही तिघं पुढच्या लांब सीटवर बसून निघालो. बाबा चालवत होते, कारण तो ट्रक दुसऱ्या कुणाच्या हातात द्यायची पद्धतच नव्हती. मधे आई, खिडकीशी मी.

शहर सोडताना हर्सूलच्या पुढे एका पंपावर थांबलो. बाबांनी उतरून टाकीचं कुलूप काढलं, झाकण उलटं करून टाकीवर ठेवलं आणि पंपावरच्या पोराला "थांब, आलोच" म्हणून मागे गेले, कारण दोर सैल वाटत होता. मी फोनवर प्लंबरवर ओरडत होते. अंगणातला नळ त्यानं उलटा बसवला होता आणि वर मलाच शिकवत होता.

पोराला थांबायचं नव्हतं, मागे गाड्या लागल्या होत्या. तो आईच्या बाजूला वाकून म्हणाला, "आंटी, सादा डालूं या प्रीमियम?"

"साधंच टाका," आई म्हणाली.

चाळीस वर्षं हाच शब्द तोंडात, तो आपोआप निघाला. माझ्या कानावर पडला, डोक्यात गेला नाही. डोक्यात गेला तेव्हा पोरगा नळी बाहेर काढत होता. मी फोन ठेवून आईकडे पाहिलं. आईनं पदर तोंडाशी धरला होता आणि ती समोरच्या काचेतून हर्सूलचा तलाव इथूनच दिसत असल्यासारखी बघत होती. बाबा आले, टाकीला झाकण लावलं, कुलूप फिरवलं, गाडी सुरू केली.

सांगायला हवं होतं, हे मला तेव्हाही कळत होतं. पण बाबा चारचौघांत आईला बोलले असते, मग मी बाबांना बोलले असते आणि सिल्लोडपर्यंत कुणी कुणाशी बोललं नसतं. शिवाय मला खात्री होती की फुटाण्यांचा पहिला दाणा तडकला की बाबा स्वतःच गाडी बाजूला घेतील. कानाचा असा माणूस, त्याला कशाला सांगायचं! फार तर पाच सेकंद. मी मनातल्या मनात तेव्हाची भांडणाची वाक्यंही जुळवून ठेवली.

सावंगी मागे पडलं, चौक्याचा चढ सुरू झाला. मागे एक टन फरश्या. बाबांनी पाय दाबला आणि आवाज आला.

तडतड. आधी एखाददुसरा, मग सलग. बाबांनी एकदा स्टीलच्या डब्यात नट टाकून, डबा हलवून मला जसा ऐकवला होता तसाच. मी बाबांकडे पाहिलं. ते आरामात बसले होते, एक कोपर खिडकीबाहेर. मी पाच सेकंद मोजले. मग दहा. पुढे एक उसाची ट्रॉली होती, तिला ओलांडायला त्यांनी पाय आणखी दाबला आणि इंजिनात अक्षरशः भट्टी पेटली.

"बघ," बाबा खुशीत म्हणाले, "एवढा माल हाय मागं, तरी कसं वढतंय! आवाज ऐक आवाज. एकदम मक्खन."

मी सांगायला वळले. आईनं माझा हात धरला. घट्ट धरला, पण माझ्याकडे पाहिलं नाही. तेव्हा मला कळलं की आईला हे आधीपासून माहीत आहे.

मग सगळंच भराभर आठवलं. टीव्हीचा आवाज एवढा मोठा, की मी रोज ओरडायचे. फोन आला की "तू बोल, मला काम हाय" म्हणून माझ्या हातात द्यायचे. परवा वांगी आणा म्हटलं तर 'लांबी' ऐकून मोजायची टेप घेऊन आले होते, आणि मी हसून हसून ते सगळ्यांना सांगितलं होतं. माझ्या स्कूटीच्या ब्रेकबद्दल तर ते कितीतरी महिन्यांत काहीच बोलले नव्हते. मला वाटलं होतं, म्हातारपणी स्वभाव निवळला. माझी मलाच इतकी चीड आली की डोळ्यांत पाणी आलं.

इंजिन तडतडत होतं. आणखी मिनिट-दोन मिनिटांत काहीतरी फुटणार आणि ते फुटलं, की त्यांना कळणार की ज्या कानावर ते जगले त्यानं दगा दिला. इंजिन आणि बाबांचा मान, दोन्हीतलं एक तरी वाचवायचं म्हणून मी ओरडले, "बाबा, थांबवा! उलटी होतेय मला!"

"तुला? गाडी लागती व्हय तुला?" त्यांनी चकित होऊन गाडी कडेला घेतली. मी उतरले, झुडपापाशी जाऊन वाकले आणि खोटं खोटं खोकले. मला एवढाच विचार, की आता काय बहाणा करायचा, चावी कशी मागायची, परत कसं फिरायचं.

पण आई माझ्या मागोमाग उतरली, बाबांच्या बाजूला गेली आणि स्पष्ट म्हणाली, "अहो, पंपावर मी साधं टाकायला सांगितलं."

"काय?"

"साधं! पेट्रोल साधं टाकलंय!"

बाबांचा चेहरा लाल झाला. "आगं, तिथं एवढं मोठं लिवलंय, दिसत नाय व्हय?"

"झाकण तुम्ही उलटं ठेवलं होतं," आई म्हणाली.

या प्रसंगातही तिचं खरं होतं. बाबा पुटपुटत उतरून बॉनेटकडे गेले, खटका ओढला आणि बॉनेट अर्धं उचलून तसेच थांबले. मी त्यांच्याकडे बघत होते. इंजिनांचा माणूस, त्याला कुणी काही सांगायची गरज नव्हती. साधं पेट्रोल, मागे एक टन फरश्या, घाटाचा चढ. याचं उत्तर एकच येतं.

"मंग वाजलं असंल," ते म्हणाले.

आईनं माझ्याकडे पाहिलं.

"वाजलं का?" त्यांनी मला विचारलं.

"हो."

"कुठून?"

"सावंगीच्या पुढून."

"लई?"

मला खोटं बोलायचं होतं. बोलता आलं नाही. "लई," मी म्हणाले.

त्यांनी बॉनेट पुरतं उघडून टेकू लावला. मग खिशातून रुमाल काढला आणि हात स्वच्छ असूनही पुसत राहिले. शेजारून उसाची ती ट्रॉली आम्हाला मागे टाकून गेली.

"मला ऐकू नाय आलं," ते म्हणाले. इंजिनाकडे बघतच पुढे बोलले. "मी तुमास्नी इचारतो, काय म्हणली? तुमी म्हणता, काही नाही. दोघीबी. मी म्हणायचो, खरंच काही नसंल."

आपल्याकडे हे सर्रास आहे. समोरच्याला ऐकू आलं नाही, त्यानं विचारलं, की आपण हात उडवून म्हणतो, 'काही नाही.' आई म्हणायची ते त्यांना सांभाळून घ्यायला, त्यांना कमीपणा वाटू नये म्हणून. मी म्हणायचे ते कंटाळा म्हणून, कारण एकच वाक्य दोनदा बोलायला लागलं की माझं डोकं फिरतं. त्या घाटात उभी राहून मी आठवायला लागले, की वर्षभरात किती वेळा म्हणाले असेन. दिवसाला पाच? दहा? आमच्या घरात वर्षभर आम्ही दोघी हसत होतो, भांडत होतो, बेत करत होतो, आणि तो माणूस मधे बसून काहीच घडत नाहीये असं समजत होता. मला इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती.

"बाबा," मी म्हणाले, आणि त्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिले.

"पाना दे," ते म्हणाले.

सीटखालच्या पेटीतून मी पाना काढून दिला. त्यांनी सांगितलं, तेही नेहमीसारखं समजावून, की ठिणगी जरा उशिरा पाडली तर दाब कमी होतो, ताकद जाते पण पिस्टन वाचतो. इंजिनावरची ठिणगी वाटणारी काळी, वायरींची टोपी त्यांनी सैल केली, नखभर फिरवली आणि घट्ट केली. एवढं करताना त्यांचे हात जराही चाचपडले नाहीत.

"हे असं कानानंच लावायचं असतंय," ते म्हणाले. "मी मधी बसतो. तू चालव. वाजलं की सांग. आन मला बरं वाटावं म्हणून सांगू नको."

म्हणजे ट्रक माझ्या हातात. एरवी मी किती वर्षं यासाठी भांडले होते! आणि आता स्टिअरिंग धरलं तेव्हा आधी कान इंजिनाकडे लावला. बाबा मधे, आई खिडकीशी. पहिल्या शंभर पावलांतच तडतड आली. "वाजतंय," मी म्हणाले. "थांब," ते म्हणाले, उतरले, आणखी नखभर. पुन्हा निघालो. "थोडं." पुन्हा उतरले. तिसऱ्यांदा मी पाय दाबला, चढ होता, इंजिन कुरकुरत, जड होऊन ओढत होतं, पण तडतड नव्हती. मी खात्री करायला आणखी थोडा पाय दाबला.

"नाही वाजत."

"नक्की?"

"नक्की, बाबा."

त्यांनी मान हलवली आणि पाना पेटीत टाकला.

घाट संपला. ट्रक बैलगाडीच्या चालीनं चालला होता, मागचे हॉर्न वाजवत होते आणि मी त्यांच्या नावानं मनात शिव्या घालत होते. फुलंब्रीच्या पुढे मक्याची शेतं लागली. आईनं बाहेर बघत, स्वतःशीच बोलावं तसं म्हटलं, "वन्सं आता म्हणतील, तुटक्याच फरश्या आणल्या."

"काय म्हणली?" बाबांनी विचारलं.

"काही..." आईच्या तोंडून निघालं आणि ती थांबली.

मग ती सीटवर वळून बसली, बाबांच्या कानाशी तोंड नेलं आणि इंजिनाच्या वर आवाज चढवून म्हणाली, "तुमची बहीण म्हणेल, तुटक्या फरश्या आणल्या! तिला आजवर आपलं काहीही आवडलेलं नाही! आपल्या लग्नापासून!"

चाळीस वर्षांत आई हे त्यांना बोलली नव्हती. मी गाडी पुढच्या टेम्पोवर घालायचीच काय ती बाकी राहिली होती. बाबांनी तिच्याकडे पाहिलं, आणि मग ते हसायला लागले, पोट धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

"खरंय की ते!" ते म्हणाले. "मंग आदी का नाय बोलली?"

आई सुरूच झाली. आधी परवाचं सांगितलं, वांग्यांचं. मग दिवाळीत पाहुण्यांसमोर ती काय म्हणाली होती आणि सगळे का हसले होते. शेजारच्या सुनेचं. माझ्या कॉलेजातलं भांडण, जे मी त्यांना सांगितलं होतं आणि ते नुसतेच 'हां' म्हणाले होते, ते तिनं माझ्यादेखत, माझी बाजू धरून, पहिल्यापासून सांगितलं. एकेक गोष्ट, ओरडून, हातवारे करून. बाबा मधेच प्रश्न विचारत होते, ती पुन्हा सांगत होती. तिचा आवाज बसायला आला होता, तरी ती थांबेना.

सिल्लोड आलं. आत्याच्या घराकडे वळायचा फाटा समोर दिसला. आई तेव्हा गेल्या उन्हाळ्यातलं काहीतरी सांगत होती आणि बाबा तिच्या तोंडाकडे बघत होते. मी वळले नाही, ट्रक तसाच सरळ जळगावच्या रस्त्यानं पुढे घेतला.